समुद्रप्रवासाचा अखेरचा दिवस

गलबत धक्क्याला लागले, शीड उतरले, नांगर पडला, म्हणजे समुद्रप्रवास संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. खलाशापुरती ती खरीही असेल. परंतु गलबतावरील मालात ज्यांचा जीव गुंतलेला असतो त्यांचा प्रवास बंदरात संपत नाही. माल जेथे विकावयाचा तेथे तो संपतो. सुमारे 2,000 वर्षांपूर्वी मिसर देशातून निघून कोकणच्या खाडीत शिरणाऱ्या कित्येक व्यापाऱ्यांच्या बाबतीत हे ठिकाण म्हणजे जुन्नर होते. त्यामुळे त्यांच्या समुद्रप्रवासाचा अखेरचा दिवस पाण्यावर गेला नाही, तर सह्याद्रीच्या माथ्यावरून कुकडीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या वाटेवर गेला.

आज जुन्नर आणि त्याच्या दक्षिणेचा आंबेगाव तालुका यांचे नाव काढले म्हणजे शिवनेरी आठवते, लेण्याद्रीचा गणपती आठवतो, भीमाशंकरचे रान आठवते. कांद्याचे आणि टोमॅटोचे मळे आठवतात. समुद्र कोणालाही आठवत नाही, आणि यात नवल करण्याजोगे काही नाही. तथापि जुन्नरभोवतीच्या डोंगरांत कोरलेले लेख वाचले तर हे गाव एके काळी समुद्राकडे तोंड करून बसले होते, याविषयी संशय राहत नाही.

प्रवासाचा आरंभ पाहिला तर अखेरच्या दिवसाचे मोल कळेल. रोमन साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात हिंदुस्थानकडे येणारा माल अलेक्झांड्रियाहून नाईल नदीने कॉप्टोस गावापर्यंत येई. तेथून तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदर उंटांवरून 12 दिवसांच्या वाटेवर होते. ही वाट वाळवंटाची. उन्हाच्या भयाने ती बहुतेक रात्रीच चालावी लागे, असे रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो. म्हणजे समुद्रप्रवासाच्या त्या टोकाला वाळवंट होते आणि या टोकाला घाट. जुलैच्या सुमारास बेरेनिकेहून गलबते सुटत, तांबड्या समुद्राच्या मुखातून बाहेर पडत, आणि मग किनाऱ्याचा आश्रय सोडून नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर भर समुद्रात झोकून देत. हीच गलबते कोकणातल्या कोळ्याने पाहिली असती तर त्याने डोक्याला हात लावला असता. तो ज्या दिवसांत होडी वर ओढून शाकारून ठेवतो, त्याच दिवसांत हे लोक समुद्र ओलांडीत. मात्र त्यांचा हिशेब पक्का होता. वाऱ्याचा जोर ओसरता ओसरता, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, किनाऱ्यास लागावयाचे, असा तो हिशेब. भूगोलवेत्ता स्ट्रॅबो याने मिसरातील एकाच बंदरातून वर्षाला 120 गलबते हिंदुस्थानकडे जातात, असे नमूद करून ठेवले आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात अशाच एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने या सागरी मार्गाचे एक टाचण केले. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही; ग्रंथ ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखला जातो. भाषेचा डौल त्यात नाही, पण माणूस मोठा व्यवहारी. जमीन दिसण्यापूर्वी पाण्यावर साप दिसू लागले म्हणजे किनारा जवळ आला असे समजावे, ही खूण तो देतो. कोणत्या बंदरात कोणता माल खपतो, तेथून काय भरून आणावे, हे तो सांगतो. भडोचच्या खालची बंदरे तो ओळीने मोजतो. त्यांत सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे.

भडोच सोडून दक्षिणेस वळलेले गलबत वसईच्या खाडीच्या मुखाशी येई, तेव्हा त्यावरील मंडळींना दोन्ही अंगांस हिरवेगार डोंगर, काठाला तिवरांची दाट राई आणि मध्ये भरतीबरोबर फुगणारे गढूळ पाणी, असा देखावा दिसत असला पाहिजे. अरबस्तानचा उघडा, भाजलेला किनारा पाहून आलेल्या डोळ्यांना तो किती निववीत असेल, हे सांगावयास नको. परंतु तो देखावा पाहण्याची मनःस्थिती त्या मंडळींची असेलच असे नाही. कारण याच ठिकाणी त्यांच्या नशिबाचा निकाल लागावयाचा असे. पेरिप्लसचा कर्ता स्पष्ट लिहितो की, पूर्वीच्या एका सातवाहन राजाच्या काळी कल्याण हे कायदेशीर व्यापाराचे बंदर होते. पण पुढे ते संदनेस नावाच्या अधिपतीच्या हाती गेल्यावर तेथील व्यापारास मोठा अडथळा झाला. तेथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा संभव असे.

या दोन ओळींत जुन्नरचे सारे दैव सामावले आहे. भडोचला गलबत गेले की माल वेगळ्या वाटेने वेगळ्या राज्यात जावयाचा. पेरिप्लसच्या हिशेबाने भडोचहून पैठण 20 दिवसांच्या वाटेवर होते. कल्याणहून घाट चढून जुन्नरमार्गे जाणारी वाट त्या मानाने कितीतरी जवळची. कल्याण उघडे असेल तर सातवाहनांच्या खजिन्यात जकात पडे, जुन्नरच्या पेठेत तांबे आणि पोवळे येई. कल्याण बंद झाले की घाटातल्या पायऱ्यांवर गवत माजे. ज्या वर्षी खाडीचे दार उघडे असेल त्याच वर्षी या प्रवासाला जुन्नरचा अखेरचा दिवस लाभावयाचा.

दार उघडे मिळालेल्या सार्थाची वाट अशी. सार्थ म्हणजे एकत्र चालणाऱ्या व्यापाऱ्यांचा मेळा; एकट्यादुकट्याने घाट चढण्याचे धाडस त्या काळी कोणी करीत नसे. कल्याणहून मुरबाडच्या रानातून पूर्वेस जावयाचे, वैशाखऱ्याच्या आसपास सह्याद्रीच्या पायथ्याशी मुक्काम करावयाचा, आणि मग नाणेघाट चढावयाचा. घाट कसला, कातळाची एक खिंड! सभोवती भिंतीसारखे उभे कडे असता एके ठिकाणी डोंगराने वाट दिली, आणि माणसाने तीत दगडी पायऱ्या व फरसबंदी घालून ती पक्की केली. गाडी येथे चालत नाही. जे चढावयाचे ते बैलाच्या, गाढवाच्या किंवा माणसाच्या पाठीवरूनच. माथ्यावर पोहोचेपर्यंत दिवस कलतो. म्हणून अखेरच्या दिवसाची आदली रात्र घाटमाथ्यावरच काढावी लागत असावी.

त्यासाठी तेथे जागाही आहे. खिंडीच्या तोंडाशी कातळात एक प्रशस्त लेणे खोदलेले आहे. तिन्ही बाजूंस बसण्यानिजण्याजोगे दगडी ओटे, शेजारी पाण्याची टाकी. देवाची मूर्ती मात्र नाही. मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातील माणसांच्या प्रतिमा होत्या. आज पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत आणि त्यांच्या वर ब्राह्मी अक्षरांत नावे: सिमुक सातवाहन, राणी नायनिका आणि श्री सातकर्णी, राजकुमार, एक महारठी. डाव्या-उजव्या भिंतींवर एक मोठा लेख आहे. त्यात राजाने केलेल्या यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांची मोजदाद आहे. कर्नल साइक्स याने 1828 साली हे लेणे अभ्यासकांच्या नजरेस आणले; पुढे प्रिन्सेप, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर या पंडितांनी लेखाचा अर्थ लावण्यासाठी कष्ट घेतले. अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला मोठा मान आहे. तो मान योग्य ठिकाणीच आहे. कारण व्यापाऱ्यांच्या वाटेवर आकडे नसावेत तर कोठे असावेत?

पण त्या लेखाच्या आरंभी ज्या देवतांना वंदन केले आहे, त्यांत वरुणाचेही नाव आहे. यम, वरुण, कुबेर आणि इंद्र हे चार लोकपाल तेथे एका ओळीत येतात. मृत्यूचा, पाण्याचा आणि धनाचा धनी असे हे पहिले तिघे. समुद्रावरून आलेल्या माणसाला यांच्याखेरीज आणखी कोणाशी हिशेब करावयाचा होता? दिवटीच्या उजेडात ती अक्षरे त्याला वाचता आली नसतील. पण सोबतच्या कल्याणच्या एखाद्या शेट्याने ती वाचून दाखविली असणे मुळीच अशक्य नाही.

पहाट झाली. आश्विनातील पहाट घाटमाथ्यावर चांगलीच गार असते. नानाचा अंगठा म्हणून जो सुळका खिंडीवर पुढे झुकला आहे, त्याच्या कडेशी उभे राहिले तर खाली कोकण धुक्याने भरलेले दिसते. पांढऱ्या धुक्याचा पसरलेला पट्टा, त्यातून वर आलेली डोंगरांची शेंडकी, हा देखावा पाहून कित्येकांना समुद्राची आठवण होते. ज्यांनी समुद्र नुकताच मागे टाकला त्यांना ती झाली नसेल तरच नवल. पाठ फिरवली की देश लागतो. उजव्या हातास जीवधनचा उभा कडा, आणि समोर सोनकीच्या पिवळ्या फुलांनी रंगलेले पठार.

निघण्यापूर्वी एक काम उरकावे लागे. घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला एक प्रचंड रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, आणि त्यावरूनच घाटाला नाणेघाट नाव पडले, असे परंपरा सांगते. रांजण पाहिल्यावर तो नाण्यांनी भरण्याच्या कल्पनेचे थोडे हसूच येते. एवढे धन उघड्यावर ठेवणारा जकातदार फार दिवस जकातदार राहिला नसता! कदाचित तो पाण्याचाच असेल. परंतु जकात घेतली जात असे यात शंका घेण्याचे कारण नाही. असली वाट बांधावयाची, राखावयाची, तीवर राजाच्या प्रतिमा कोरावयाच्या, आणि माल फुकट सोडावयाचा, असे कोणते सरकार करील?

येथून जुन्नर सुमारे 30 किलोमीटर, जुन्या हिशेबाने नऊ-दहा कोस. भरल्या बैलांना हे अंतर एका दिवसात जड जाते. तांब्याशिशाचे गठ्ठे आणि द्राक्षमद्याचे दोन कानांचे उंच कुंभ मागाहून येत असतील. (ज्या जुन्नर-नारायणगावच्या मळ्यांतून आज द्राक्षांच्या पेट्या परदेशी जातात, तेथे त्या काळी परदेशची द्राक्षे मद्यरूपाने येत, हा काळाचा एक विनोदच म्हणावयाचा.) पण पोवळे, सुगंधी द्रव्ये, चांदीसोन्याची रोमन नाणी असा हलका आणि मोलाचा माल ज्यांच्या कमरेला होता, ते तडक पुढे निघत असावेत. हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे 5 कोटी सेस्टर्स गिळतो, अशी प्लिनीची तक्रार आहे. त्यांतले काही याच वाटेने, याच मंडळींच्या कमरपट्ट्यांतून गेले असले पाहिजेत.

घाटघर मागे पडले की वाट कुकडीच्या उगमाकडे उतरते. पूर गावाजवळ आज कुकडेश्वराचे प्राचीन शिवालय आहे. पण तेही या मंडळींनंतर कित्येक शतकांनी उठले. पुढे चावंडचा डोंगर उजवीकडे ठेवून नदीच्या काठाकाठाने जावयाचे. आता तेथे माणिकडोह धरणाचे पाणी पसरले आहे, आणि जुन्या वाटेचा बराच भाग त्याच्या पोटात गेला आहे. दक्षिणेस आंबेगाव तालुक्यातही असेच घडले. आहुप्याच्या घाटाने कोकणातून वर येणारी वाट घोड नदीच्या खोऱ्यात उतरे. त्या खोऱ्यात डिंभे धरण झाले आणि तालुक्याला ज्याचे नाव आहे ते जुने आंबेगावच पाण्याखाली गेले. ज्या खोऱ्यांतून समुद्रावरचे लोक कोरड्या पायांनी चालत, त्या खोऱ्यांत आज पाणी आहे.

सूर्य कलू लागला, दरी रुंद झाली, आणि भाताची खाचरे मागे पडून काळ्या जमिनीची शेते दिसू लागली, म्हणजे जुन्नर जवळ आले. पश्चिमेकडून येणाऱ्यास पहिली दिसतात ती तुळजा लेणी. तेथील वाटोळा चैत्य, स्तूपाभोवती बारा खांबांचे कडे असलेला, त्या काळीही जुनाच होता. मग शिवनेरीचा डोंगर, त्याच्या पोटात लेणी. गावाच्या दक्षिणेस मानमोडीचा डोंगर, तेथे लेणी. नदीपलीकडे उत्तरेस लेण्याद्री, तेथेही लेणी. एका गावाभोवती इतकी खोदकामे हिंदुस्थानात अन्यत्र क्वचितच आढळतील. संख्या दीडशेच्या वर सहज जाते. आणि यांतील फारच थोडी राजांनी केलेली आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि टाके दिले. कोणी बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून धर्मकार्याची सोय केली. कोणी शेते दिली. भिंतींवर हे सारे एखाद्या पेढीच्या वहीप्रमाणे नोंदलेले आहे.

या वहीत परगावचे खातेदार पाहावेत. लेण्याद्रीवरील मोठे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या गृहस्थाने दिले, असे त्याच्या दर्शनी भागावरील लेख सांगतो. कल्याणचा माणूस चैत्य खोदवतो, तो जुन्नरला! बंदर आणि पेठ यांचे नाते सिद्ध करण्यास याहून दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाही. दुसऱ्या एका लेखात भडोचचे दोघे भाऊ आहेत. आणि तीन लेखांत देणारा स्वतःला यवन म्हणवितो. एकाचे नाव इरिल, दुसऱ्याचे चिट, तिसऱ्याचे चंद. चंद या नावात आपला चंद्र सहज ओळखू येतो. म्हणजे हा यवन इतका मुरला होता की नावानेही परका उरला नव्हता. त्याने एका चैत्यगृहाचा दर्शनी भाग कोरवून दिला. चिटाने संघाला भोजनमंडप दिला. आणि इरिलाने? त्याने पाण्याची दोन टाकी दिली. लेखात त्यांना पोढी म्हटले आहे.

ही माणसे गलबतावरून नुकतीच उतरलेली नव्हती; येथे काही वर्षे राहून, पैसा मिळवून, भाषा शिकून त्यांनी ही दाने केली असावीत. कार्ल्याच्या चैत्यातील खांबांवरही यवनांची नावे आहेत, तीही अशीच स्थायिकांची. तरीही इरिलाची दोन टाकी मनातून जात नाहीत. आठवड्यांमागून आठवडे चोहीकडे पाणी, आणि पिण्यास मात्र मापाने मिळणारे, नासलेले, पिपातले पाणी! ज्याला किंवा ज्याच्या बापाला हा अनुभव आला, त्याने घाट चढून आल्यावर काय द्यावे? सोने नव्हे, मूर्ती नव्हे; डोंगरात मुरलेले गोडे पाणी. त्याने आपले कारण लिहून ठेवलेले नाही. दानाचा लेख लहान असे, आणि कोरणारा अक्षरागणिक दाम घेत असेल.

समुद्र असा दूरवर आत येत असे. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी येथे 1944 ते 1946 या काळात जुने अवशेष निघाले, त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक छोटी काशाची मूर्ती सापडली. सह्याद्रीच्या अलीकडे, नदीकाठच्या गावात, समुद्राचा देव! तो कोणाच्या गाठोड्यातून तेथपर्यंत आला, आणि त्याची पूजा झाली की मोड म्हणून विक्री, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

मात्र खाडीचे दार सदैव उघडे राहिले नाही. काही काळाने ज्यांच्या हाती भडोच होते, त्या क्षत्रपांनी घाटमाथाही जिंकला. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने दिलेल्या टाक्याचा व मंडपाचा लेख आहे. त्यावर 46 हे वर्ष घातले आहे. म्हणजे जुन्नरच्या जकातीचा मालक बदलला. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्याच चांदीच्या नाण्यांवर आपला छाप मारला. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे 1906 साली सापडलेल्या 13,000 हून अधिक नाण्यांत असली दुबार छापाची नाणी बहुसंख्य आहेत. युद्धे राजांनी केली, पण त्यांच्या मुळाशी ही वाट होती, हे नाणी हातात घेतल्यावर पटते.

हे सारे त्या संध्याकाळी सार्थातील कोणाच्याही मनात नसणार. दिवेलागणीला ते गावात शिरले असतील. डोंगरातल्या विहारांतून मिणमिणते दिवे दिसत असतील. ओळखीच्या शेट्याच्या ओसरीवर गाठोडी उतरली, पाय धुण्यास पाणी आले, आणि पहिला प्रश्न झाला असेल तो पोवळ्याच्या भावाचा. मागाहून येणाऱ्या बैलांची वाट पाहत कोणी तरी घाटाच्या दिशेने डोळे लावून बसला असेल. विश्रांतीला फार दिवस नव्हते. पैठणकडील अकीक आणि तगरचे सुती कापड घेऊन, मार्गशीर्षात ईशान्येचा वारा सुटण्याच्या आत, त्यांना पुन्हा नाणेघाट उतरून कल्याणच्या खाडीवर हजर व्हावयाचे होते. आणि त्या वेळी तेथे कोणाचा पहारा असेल, हे जुन्नरच्या पेठेत कोणालाही सांगता येत नव्हते.